आईच्या कानाच्या नसेवर गाठ आहे; ती मुलांना-नातवंडांना येते का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. आईला ५७व्या वर्षी उजव्या कानाच्या नसेवर १.८ सेंटिमीटरची गाठ निघाली. तिचे वडील इचलकरंजीला मागावर कामाला होते आणि उतारवयात ठार बहिरे झाले. आईच्या चुलत बहिणीचं डोक्यातल्या ‘कुठल्याशा गाठीचं’ ऑपरेशन झालं होतं. आई-वडिलांचं लग्न आते-मामे भावंडांतलं. तुम्ही ३४ वर्षांचे आहात, रात्री आडवं पडलं की कानांत शिट्टीसारखा आवाज येतो, आणि मुलगी सहा वर्षांची आहे. घरातल्या सगळ्यांनी एमआरआय करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी कानाचा सर्जन आहे आणि न्यूरोसर्जन सहकाऱ्यांबरोबर याच नसेच्या गाठींवर बरीच वर्षं काम करतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून आईची गाठ आनुवंशिक असण्याची शक्यता फार कमी वाटते. सगळ्यांनी एमआरआयच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. हे मी कशावरून म्हणतो आणि कोणती माहिती हाती आली तर माझं मत बदलेल, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखेच प्रश्न घेऊन बरेच लोक येतात आणि प्रत्येकाचं उत्तर एकच नसतं.

मुळात ‘ही गाठ घराण्यात येते का’ या प्रश्नात दोन वेगळे आजार एकत्र येतात. दोन्हींत गाठ तीच: व्हेस्टिब्युलर श्वानोमा, म्हणजे जुन्या नावाने अकूस्टिक न्यूरोमा. आठव्या, म्हणजे कानाच्या, नसेचा जो भाग तोल सांभाळतो, त्याच्यावरच्या आवरणातल्या श्वान पेशींपासून ती वाढते. कॅन्सर नसते, सहसा हळू वाढते, आणि शेजारून जाणाऱ्या ऐकण्याच्या नसेला दाबत जाते. सुट्ट्या गाठीकडे मायक्रोस्कोपखाली पाहून ती कुठल्या आजारातली हे खात्रीने सांगता येत नाही. तो फरक माणसाकडे बघून कळतो: गाठ एका बाजूला की दोन्ही, वय काय, आणि शरीरात आणखी कुठे काही आहे का.

पहिला आजार म्हणजे एकाच बाजूची, आपोआप उद्भवलेली गाठ. अशा गाठी असलेल्या शंभरांतले साधारण ९५ रुग्ण या गटातले असतात. बहुतेकांचं वय चाळिशी ते साठीच्या दरम्यान. त्यांच्या मुलांना ही गाठ होण्याचा धोका व्यवहारात चारचौघांइतकाच धरायचा. तुमची आई, आत्ता जे दिसतंय त्यावरून, इथे बसते.

दुसरा आजार आनुवंशिक आहे. त्याला पूर्वी न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २ किंवा नुसतं एनएफ-२ म्हणत. २०२२ पासून तज्ज्ञांनी ‘एनएफ-२ संबंधित श्वानोमॅटोसिस’ हे नाव घेतलंय. साधारण २५ ते ३३ हजार जन्मांमागे एकाला तो असतो. यात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात, बहुधा विशीच्या आसपास त्रास सुरू होतो, आणि सोबत मेंदूच्या आवरणाच्या गाठी, म्हणजे मेनिंजिओमा, तसंच मणक्यातल्या गाठी, लहानपणीच आलेला मोतीबिंदू असं काही ना काही असतं. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी.

घराण्यातून तो कसा उतरतो हे वैद्यकाला बऱ्याच आधीपासून ठाऊक आहे. १९३० साली गार्डनर आणि फ्रेझियर या अमेरिकी डॉक्टरांनी एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांची पाहणी छापली: २१७ माणसं, त्यांतली ३८ दोन्ही कानांनी बहिरी. तेव्हा जनुक वगैरे काही हाती नव्हतं. घरोघर चौकशी करून वंशावळ मांडली होती. जनुक सापडला १९९३ मध्ये, २२व्या गुणसूत्रावर. तो मर्लिन नावाचं प्रथिन बनवतो, आणि पेशींची वाढ आटोक्यात ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम.

आता हाच जनुक आईच्या गाठीतही बिघडलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. एखाद्या रिपोर्टवर ‘एनएफ-२’ दिसलं की घर हादरतं. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात तसं समजा; एक निघाली तरी दुसरी दार धरून ठेवते. तुमच्या आईसारख्या रुग्णात कधीतरी एकाच श्वान पेशीतल्या दोन्ही कड्या योगायोगाने निघाल्या आणि त्या एका पेशीतून गाठ झाली. बाकी शरीरात, रक्तात, बीजांडांत दोन्ही शाबूत. त्यामुळे मुलांकडे द्यायला तिच्याजवळ बिघाडच नाही. आनुवंशिक आजारात मात्र एक कडी जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत निघालेली असते. लाखो पेशींपैकी कुठल्या ना कुठल्या पेशीतली दुसरी निघतेच, म्हणून दोन्ही बाजूंना, तरुणपणी आणि अनेक ठिकाणी गाठी होतात.

म्हणून तपासणी नेहमी आजारी माणसापासून सुरू करायची, निरोगी नातेवाइकांपासून नाही. घरोघर उलटं घडतं. आईची गाठ कळली की मुलगा, सून, नातवंडं एमआरआय करून येतात आणि आईच्या फिल्म्स मात्र कुणी दुसऱ्यांदा बघितलेल्या नसतात. तुमच्या घरात मी पहिलं काम हे करीन: आईच्या एमआरआयची सीडी मागवून डाव्या, म्हणजे ‘चांगल्या’ बाजूचा कानाच्या नसेचा हाडातला बोगदा बारीक कापांवर नीट पाहीन. कॉन्ट्रास्ट देऊन केलेला स्कॅन असेल तर तीन-चार मिलिमीटरचा ठिपकासुद्धा दिसतो. डावी बाजू स्वच्छ, दुसरी गाठ कुठे नाही, मेनिंजिओमा नाही, आणि वय ५७, इतकं जमलं की आनुवंशिक आजाराची शंका जवळजवळ संपते.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण सांगतो. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा डावा कान गेला म्हणून आला. फोन त्या कानाला लावला की आवाज यायचा पण शब्द लागायचे नाहीत. ही तक्रार मी नेहमी जपून ऐकतो, कारण ऐकू येण्यापेक्षा शब्द कळणं जास्त बिघडलं असेल तर दोष नसेत असू शकतो. एमआरआयमध्ये डावीकडे मोठी गाठ होती आणि रिपोर्टमध्ये तेवढीच लिहिली होती. उजव्या बोगद्यातला छोटा ठिपका फिल्म समोर धरल्यावर दिसला. मग चौकशी केली. सातव्या-आठव्या वर्षी तोंड वाकडं झालं होतं, ‘वारं लागलं’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. एका डोळ्याला लहानपणापासून कमी दिसायचं. आणि आई? ती तिशीत बहिरी झाली, मग तोल जायचा, आणि फार दिवस काढले नाहीत. घरात सगळे म्हणत, ‘त्यांच्या माहेरी बहिरेपण आहे.’ हे सगळे धागे कुणी एका कागदावर मांडलेच नव्हते. त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणी आम्ही लगेच केली. तिथे ती करायलाच हवी होती.

तुमच्या घराची हकीकत याच नजरेने पाहू. आजोबा उतारवयात बहिरे झाले, पण आयुष्यभर मागाच्या खडखडाटात काम केलेलं. अशा लोकांचा कान दोन्हीकडे सारखा जातो, आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचा उंच स्वर जातो, आणि पुढे वयाचा बहिरेपणा त्यात मिसळतो. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूरकडचे जुने विणकर तपासताना हाच आलेख वर्षानुवर्षं बघतोय. एनएफ-२ असता तर त्यांना तरुणपणीच त्रास झाला असता. उतारवयात आलेला बहिरेपणा या हिशेबात मी धरत नाही.

आईच्या चुलत बहिणीची ‘डोक्यातली गाठ’ मात्र माहिती काढण्यासारखी आहे. कोणती गाठ, किती वयात, एकच की अनेक? साठीतल्या बाईला एक मेनिंजिओमा निघणं हे विरळा नाही आणि त्याचा आईच्या गाठीशी संबंध असायची गरज नाही. पण विशी-पंचविशीत, किंवा एकाहून जास्त गाठी, किंवा तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, असं काही निघालं तर मला पुन्हा लिहा. जुनी डिस्चार्ज समरी बहुतेक घरांत एखाद्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या वर असतेच. तिच्यावरचं एक वाक्य तोंडी आठवणींपेक्षा जास्त कामाचं असतं. कधीकधी ‘कानातली गाठ’ म्हणून सांगितलेली गोष्ट ग्लोमस ट्यूमर निघते. तो रक्तवाहिन्यांनी भरलेला वेगळाच प्रकार आहे, त्याची आनुवंशिकता वेगळी, आणि त्यातल्या एका जनुकाचा आजार जवळजवळ फक्त वडिलांकडून आला तरच दिसतो. म्हणून गाठीचं नेमकं नाव कळल्याशिवाय वंशावळ काढण्यात अर्थ नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात आईला वाटणारी अपराधीपणाची सल जाणवते. आते-मामे भावंडांच्या लग्नाने धोका वाढतो तो ज्या आजारांना दोन्ही बिघडलेल्या प्रती लागतात त्यांचा. जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार तसे आहेत. एनएफ-२ ला एकच बिघडलेली प्रत पुरते. ती कुणाकडूनही आली तरी आजार होतो, लग्न नात्यात झालं की परक्यात याने फरक पडत नाही. शिवाय आईची गाठ तिच्या स्वतःच्या एका पेशीत झालेली आहे. तिचं लग्न कुणाशी झालं याचा त्या गाठीशी काय संबंध? कृपा करून हे आईला वाचून दाखवा. नातेवाइकांच्या एका वाक्यामुळे बायका वर्षानुवर्षं मनाला लावून घेतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

‘एक पिढी सोडून येतो’ असंही घरात कुणी म्हणत असेल. एनएफ-२ पिढी सोडत नाही. बिघडलेला जनुक ज्याच्या अंगात सगळ्या पेशींत आहे, त्याला साठीपर्यंत काही ना काही होतंच. त्यामुळे आईकडे तो नसेल तर तिच्याकडून तो तुम्हाला येणार नाही, आणि तुमच्याकडे नसेल तर तुमच्याकडून मुलीला जाणार नाही. साखळी पहिल्या कडीवरच तुटते.

आता अपवाद. एनएफ-२ असलेल्या साधारण निम्म्या लोकांच्या आई-वडिलांना काहीच नसतं. बदल त्यांच्यातच प्रथम झालेला असतो. म्हणून ‘आमच्या घरात कुणाला नाही’ एवढ्यावर तरुण रुग्णाला मी मोकळं सोडत नाही. या निम्म्यांतल्या बऱ्याच जणांत बदल गर्भधारणेनंतर झालेला असतो, त्यामुळे तो काही पेशींत असतो आणि काहींत नसतो. याला मोझेइक म्हणतात. अशा माणसाला आजार सौम्य, कधी एकाच बाजूला, आणि रक्ताची जनुक चाचणी ‘नॉर्मल’ येऊ शकते. त्याच्या मुलांचा धोका ५० टक्क्यांपेक्षा कमी, पण नेमका किती हे सांगणं अवघड. आणि मूल तो बदल घेऊन आलंच तर त्याच्या सगळ्या पेशींत येतो, म्हणून त्याला आजार पालकांपेक्षा तीव्र होऊ शकतो. यातून मार्ग गाठीतूनच निघतो. दोन वेगवेगळ्या गाठींत नेमका तोच बदल सापडला तर मोझेइक पक्का होतो, आणि मग मुलाच्या रक्तात तेवढाच बदल आहे की नाही हे जवळजवळ निर्विवाद कळतं.

म्हणून एक सल्ला सगळ्यांनाच देतो: ऑपरेशन झालं तर बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक जपा. पॅथॉलॉजीत मागितला की देतात. पाकिटावर नाव, नंबर, तारीख लिहून कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. दहा वर्षांनी नातवंडाचा प्रश्न आला तर त्या ठोकळ्याचा उपयोग होऊ शकतो.

आणखी एक दुर्मीळ शक्यता आहे. एलझेडटीआर-१ नावाच्या दुसऱ्या जनुकामुळे शरीरात ठिकठिकाणी नसांवर दुखऱ्या गाठी येतात, आणि त्यांपैकी काहींना एका कानाच्या नसेवरही गाठ असते. हा आजार पिढी सोडूही शकतो, त्यामुळे वरचा साखळीचा हिशेब त्याला लागू नाही. आईला हातापायात, पाठीत कुठे दाबलं की झिणझिणणारी गाठ किंवा कारण न सापडलेलं जुनं दुखणं आहे का, एवढं विचारा. नसेल तर हा विषय सोडून द्या.

इंटरनेटवर अंगभर गाठी आणि कॉफीच्या रंगाचे डाग असलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. ते बहुतेक एनएफ-१ चे असतात. नाव जवळचं असलं तरी तो १७व्या गुणसूत्रावरचा निराळा आजार आहे, आणि कानाच्या नसेची गाठ त्याचा भाग नाही. मुलीच्या पायावरच्या एखाद्या डागावरून झोप उडवून घेऊ नका.

मग जनुक चाचणी करायची कुणी? माझ्याकडे दोन्ही बाजूंना गाठ असलेला रुग्ण आला तर वय कितीही असो, मी सांगतोच. एका बाजूची गाठ पण वय तिशीच्या आत, तरीही सांगतो. एका बाजूची गाठ आणि सोबत मेनिंजिओमा, मणक्यातली गाठ किंवा तरुणपणीचा मोतीबिंदू, तरीही. ५७व्या वर्षी एकट्या गाठीला मी सांगत नाही. चाचणी करण्याआधी जेनेटिक काउन्सेलरशी बसून बोलणं मला आवश्यक वाटतं, कारण निकाल एका माणसाचा असला तरी त्याचे परिणाम भावंडांच्या लग्नांपर्यंत जातात. घरातलं बदललेलं जनुक आधी ठाऊक असेल तरच निरोगी नातेवाइकाची चाचणी अर्थपूर्ण. नाहीतर ‘काही सापडलं नाही’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही.

एनएफ-२ पक्का असलेल्या घरात मात्र मुलांकडे दुर्लक्ष करायचं नाही. डोळे अगदी लहानपणापासून, कान आणि त्वचा दरवर्षी, आणि एमआरआय साधारण दहा ते बारा वर्षांपासून. जनुक चाचणीत मूल सुटलं की हे सगळं थांबवता येतं, आणि तो दिवस त्या घरात सणासारखा असतो. ज्याच्यात सापडतो त्याच्या उपचारांची आखणीही वेगळी होते. दोन्ही कान धोक्यात असताना आम्ही ऑपरेशनची घाई करत नाही, चांगला कान जितका टिकेल तितका टिकवतो. बेव्हॅसिझुमॅब नावाच्या औषधाने काहींच्या गाठी आकसतात, काहींचं ऐकणं सुधारतं. नस गेलीच तर थेट मेंदूच्या देठाला जोडणारं इम्प्लांट करता येतं. ते पहिल्यांदा १९७९ साली लॉस एंजेलिसमध्ये बसवलं गेलं. त्याने मिळणारा आवाज बऱ्याचदा अपुरा असतो, पण ओठ वाचण्याला त्याची चांगली साथ होते.

राहिलं तुमच्या कानांतलं शिट्टीचं. दोन्ही कानांत, रात्रीच्या शांततेत, आडवं पडल्यावर जाणवणारा आवाज बहुतेक वेळा गाठीचा नसतो. आईच्या बातमीनंतर तो जास्त ऐकू यायला लागला असेल तर तेही समजण्यासारखं आहे. लक्ष गेलं की हा आवाज वाढतो. तरी एक साधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, शब्द ओळखण्याच्या चाचणीसकट. अर्ध्या तासाचं काम आहे. दोन्ही कानांचे आलेख एकमेकांवर बसत असतील तर एमआरआयची गरज नाही. लागोपाठच्या दोन फ्रिक्वेन्सींवर १५ डेसिबल किंवा जास्त फरक निघाला, किंवा आवाज कायम एकाच कानात राहिला, किंवा एका कानाने शब्द कळेनासे झाले, तर मी एमआरआय सांगीन. तोही तुमच्या तक्रारीसाठी, आईच्या गाठीसाठी नाही. आणि अशा एमआरआयमध्येही बहुतेकांचं काही निघत नाही.

मुलीचा एमआरआय करू नका. सहा वर्षांच्या मुलीला स्कॅनमध्ये अर्धा-पाऊण तास हलू न देता ठेवायचं तर बहुधा गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि या वयात स्कॅन स्वच्छ आला तरी त्यातून पुढच्या आयुष्याची हमी मिळत नाही. तिची आजी दुसऱ्या गटात नाही हे ठरलं की तिच्यासाठी वेगळी कुठलीच तपासणी उरत नाही. शाळेतल्या मुलांचे डोळे-कान जसे वेळोवेळी तपासतात तसे तपासा, तेवढं पुरे.

आईची सीडी, ऑडिओमेट्रीचा कागद आणि त्या चुलत बहिणीची डिस्चार्ज समरी, हे तीन घेऊन तुमच्या जवळच्या, या गाठींचं काम करणाऱ्या कानाच्या किंवा न्यूरोसर्जरीच्या डॉक्टरांकडे एकदा जा. त्यांना एवढंच विचारा: ‘डाव्या बाजूचा बोगदा तुम्ही स्वतः पाहिलात का, आणि तो स्वच्छ आहे का?’